बंद पेटीतलं गाणं

शिकवायचं कोणीच नाही आणि वर म्हणायचं, हा मंद आहे! असा शिक्का मारणाऱ्यांनो, माझ्या कानापर्यंत काही पोचतंय का, एवढं तरी आधी बघायचं होतंत.

मी बोलतोय, एक झेब्रा फिंच. मुठीत मावेन एवढा, लालभडक चोचीचा, गालांवर शेंदरी ठिपके मिरवणारा. पण आमच्यात नुसत्या रूपावर कोणी भुलत नाही. नराला गाणं यावं लागतं, आणि ते कोणी जन्माला येताना घेऊन येत नाही. बाप गातो, पोरगा ऐकतो, मग बोबडं काहीतरी बरळतो आणि चुकत चुकत एक दिवस त्याचं गाणं पक्कं होतं. तुमची पोरं बोलायला शिकतात ती अशीच ना? म्हणून तर तुम्ही आमच्या डोक्यात डोकावता.

माझा जन्म प्रयोगशाळेतला. डोळे उघडायच्या आत बापाला दुसरीकडे हलवलं होतं. आईने मायेने भरवलं, पण आमच्यात बायका गात नाहीत. पंख फुटल्यावर मला एका पेटीत ठेवलं. आत दिवा, पंखा, एक झुलती काठी, एक लाल बटण आणि एक स्पीकर. बटणावर चोच मारली की स्पीकरमधून गाणं वाजणार आणि मी ते शिकणार, असा प्रयोग होता.

मी बटण दाबायचो. पंखा घुर्र करायचा. बस, एवढंच.

प्रयोग करणाऱ्या मुलीला तिथे सगळे ताई म्हणतात, तिच्याहून मोठेसुद्धा. ती मन लावून काम करायची. पेटीला जाड फोम लावलेला, दाराला रबर, टाचणी पडली तरी बाहेर कळू नये असा बंदोबस्त. मी बटण दाबलं की बाहेर तिच्या संगणकावर पाठवलेल्या गाण्याची रेघ नाचायची. ती खूश. आत मी ढिम्म.

मग मला कंठ फुटला. काय फुटला! गंजलेली बिजागरी करकरावी तसा एकच लांबलचक सूर. दुसरा येईना. तिच्या सरांनी दार उघडून तो ऐकला आणि मान हलवली.

"बटण दाबतो, गाणं ऐकतो, तरी डोक्यात काही शिरत नाही. मेंदूतच खोट आहे याच्या. सोमवारी मेंदू काढून घे, चकत्या करून बघू."

चकत्या म्हणजे काय, ते शेजारच्या पेट्या रिकाम्या होताना मला कळलं होतं.

"सर, अजून थोडे दिवस..."

"अगं, मंद आहे तो. जीव नको लावूस."

शुक्रवारी ताईने माझं पाणी बदललं, दार लावलं आणि जरा वेळाने तिचा फोन हरवला. बाहेरचं हे सगळं मला मागाहून कळलं: टेबल झालं, पिशवी झाली, कचऱ्याची टोपलीही उपसून झाली. शेजारच्या टेबलावरचा चष्मिष वैतागला.

"बाईसाहेब, थांबा. मी रिंग देतो."

त्याने रिंग दिली. बाहेर चिडीचूप. आत मात्र माझी पाचावर धारण बसली! दाण्याच्या वाटीजवळ तिचा फोन थरथरत कोकलत होता. जन्मात पहिल्यांदा मी एवढा आवाज ऐकत होतो. घाबरून मी बटणावरच जाऊन आदळलो.

"रिंग जातेय गं. मग वाजत का नाही?" चष्मिष म्हणाला.

ताईला माझं पाणी बदललेलं आठवलं. मग तिने धाडकन दार उघडलं. फोनचा ठणाणा खोलीभर झाला.

"म्हणजे आतलं बाहेर येत नाही," ती हळूच म्हणाली, "मग आत तरी काही जातंय का?"

संगणकावर रेघ नाचत होती. तिने फोन बंद केला आणि डोकं थेट पेटीत घातलं. घुर्र. फक्त घुर्र. तिने स्पीकर उलटा केला. पेटी जागेवर सरकवताना मागची वायर कधीतरी निसटली होती.

"अरे देवा! बाळा, तुला कोणी काही ऐकवलंच नाही रे!"

सर आले. वायर बघून ओशाळले, पण म्हणाले, "आता वय गेलं त्याचं. शिकायचं दार बंद झालं असणार."

"सर, गाणी ऐकून ऐकूनच ते दार बंद होतं. हा तर रिकामाच बसलाय. अजून किलकिलं असेल! चकत्यांची घाई कशाला?"

सरांनी वायर बाजूला ठेवली. "बरं. पण स्पीकर पुरे. जिताजागता गुरू दे त्याला."

दुसऱ्या दिवशी माझ्या पेटीत आमच्याच जातीचे एक म्हातारे काका आले. आल्या आल्या त्यांनी मला टोचून काठीवरून हाकललं, माझ्या वाटीतले दाणे फस्त केले आणि मग गायले. मी श्वास रोखून बसलो. वाळलेल्या मातीत पाणी मुरावं तसं ते माझ्यात मुरत गेलं.

मग मी बरळायला लागलो. काकांचा सूर डोक्यात, माझा घशात. कान दोन्ही ताडून बघायचे आणि मी पुन्हा लागायचो. ताईने माझ्या डोक्यावर मेंदूतली हालचाल टिपणारी तारेची बारीकशी टोपी बसवली होती. मी झोपलो की मेंदूतल्या गातानाच्याच पेशी त्याच क्रमाने लुकलुकायच्या. मी झोपेतही उजळणी करत होतो! टोपीने टिपलेली रेघ सरांसमोर धरून ताई म्हणाली, "हा बघा तुमचा मंद."

सर हसले. माझा सोमवार कायमचा टळला.

माझं गाणं काकांच्या गाण्याइतकं सफाईदार नाही. शेवटचा सूर अजून बिजागरीसारखाच करकरतो. पण ते माझं आहे, आणि पक्कं आहे. टोपी कधीच निघाली. आता मी मोठ्या पिंजऱ्यात असतो. पेटीत कोणाला एकटं ठेवत नाहीत. पिल्लं माझ्याकडे शिकायला येतात, आणि प्रत्येक पेटी लावण्याआधी ताई आत डोकं घालून ऐकते.

तुमच्याही घरात, वर्गात कोणी गप्प बसलेलं असेल. शिक्का उचलण्याआधी तेवढं डोकं आत घाला. माझी एवढीच विनवणी.

आज सकाळी मी गात होतो आणि चष्मिष कानावर हात दाबून फोनवर बोलत होता. शेवटी तो ओरडला, "ताई, शिकवलंस ते ठीक, आता याला गप्प कसं करायचं तेही सांग. मला माझ्या आईचं काही ऐकू येईना!"