बुजवलेला कोनाडा

बाबांनी रिकामा धोटा उचलला आणि शेजारच्या भिंतीवर दोनदा टकटक केली. पलीकडे फिरणारा कांड्या भरायचा रहाट थांबला. थोड्या वेळाने हाजराबी गल्लीला वळसा घालून आमच्या दाराशी आल्या आणि सुताच्या कांड्यांची टोपली त्यांनी उंबऱ्यावर ठेवली. त्या आत येत नसत.

“सूत लई ओलं ठेवलंय,” बाबा मागाच्या खड्ड्यातूनच म्हणाले.

“कोरडं तुटंल. मग मला बोल लावाल.”

“मी कवा बोललो तुमाला?”

“न्हाई बोललात,” पदर सावरत त्या म्हणाल्या. “त्येच म्हन्ते मी.”

टोपली मी आत आणली. बाबांनी धोट्यात नवी कांडी बसवली आणि माग पुन्हा चालू झाला. मी राहुरीहून चार दिवसांसाठी शेवगावला आले होते. दुपारी आम्ही भाकरी आणि मेथीची भाजी खाल्ली. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं एवढंच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खड्ड्यात पाय सोडून बसले, चार-दोन धोटे टाकले आणि पुढ्यातल्या लुगड्यावर डोकं टेकून गेले.

माझी आई मी सहा वर्षांची असताना वारली. पुढे दोन वर्षांनी शेजारचे मोहियोद्दीनचाचा तापाने गेले. ते बाबांना कांड्या भरून देत. ते काम त्यांच्या बायकोने, हाजराबींनी उचललं; मी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत असे. भिंतीत एक आरपार कोनाडा होता, त्यातून कांड्या अलीकडे येत आणि रिकाम्या नळ्या पलीकडे जात. लढाईत रॉकेल मिळेनासं झालं, तेव्हा त्या कोनाड्यात एकच चिमणी ठेवायची, अर्धा उजेड त्यांना, अर्धा आम्हाला, असं आपोआपच ठरून गेलं. त्या उजेडात मी पोथी वाची. वाचायला लागले की पलीकडचा रहाट थांबे.

एकदा त्यांनी पलीकडून विचारलं, “पुष्पे, मानूस रडून हाक मारतं, तवा देव कोनत्या भाषेत बोलतो गं?”

बाबा त्यावर एक रात्र आणि एक दिवस विचार करत होते. दुसऱ्या संध्याकाळी चिमणी लावताना ते कोनाड्याकडे तोंड करून म्हणाले, “बोलत न्हाई. ऐकतो.”

पलीकडे रहाट सुरू झाला, अगदी हळू.

गल्लीतल्या सगळ्या बाया बाबांना गहिनीभाऊ म्हणत. हाजराबींनी त्यांना कधीच भाऊ म्हटलं नाही. त्या म्हणत, पुष्पाचे बाबा.

चव्वेचाळीस साली राहुरीचे पाहुणे मला बघायला येणार होते. आदल्या दिवशी आक्काबाई आत्या कोनाड्यापुढे उभी राहून म्हणाली, “ह्या भोकातनं पाव्हन्यांना काय दावायचंय?” बाबा सूत आणायला नगरला गेले होते. मी माती कालवली, त्यात भुसा आणि शेण घातलं आणि दोन घटकांत कोनाडा बुजवला. वर पोतेरंही फिरवलं.

संध्याकाळी बाबा गठ्ठा घेऊन परतले, तेव्हा हाजराबी कांड्यांची टोपली घेऊन दारात आलेल्या होत्या. दोघांनी एकदमच ती ओली भिंत पाहिली.

“कोनाडा बुजवलात व्हय?” त्यांनी बाबांना विचारलं.

बाबांनी माझ्या नखांतली माती पाहिली.

“व्हय,” ते म्हणाले. “पोरीचं लगीन हाय.”

“बरं केलंत.”

लग्न झालं. बाबा आता कोनाडा उघडतील अशी मी वाट पाहत राहिले. त्यांनी उघडला नाही. उघडला असता तर बुजवला कुणी तेही सांगावं लागलं असतं. राहुरीला वाचनालयातून मी पुष्कळ पुस्तकं आणून वाचली, पण हे कसं सांगावं ते त्यांत नव्हतं. दर खेपेला शेवगावला येताना एक वाक्य मनात जुळवून आणत असे आणि तसंच परत नेत असे. हाजराबी अंधारातच कांड्या भरत. हाताला सवय हाय, म्हणत.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मागावर अर्धं लुगडं तसंच होतं. विणकर गेला तर मागावरचं लुगडं कापून काढत नाहीत. घरातल्या कुणीतरी बसून ते पुरं करायचं असतं. मला विणता येत होतं. मी खड्ड्यात उतरले. पायाखालची जमीन बाबांच्या पायांनी गुळगुळीत झाली होती. दुपारपर्यंत कांडी संपली. मी धोटा घेतला आणि भिंतीवर दोनदा टकटक केली.

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला.

हाजराबी आल्या त्या अनवाणी. टोपली उंबऱ्यावर ठेवायचं विसरून हातातच धरून उभ्या राहिल्या. मला खड्ड्यात पाहून खाली बसल्या.

“हात त्येंचाच वाटला,” त्या म्हणाल्या.

टोपलीतलं सूत ओलं होतं. तेरा दिवस त्या ते भिजवत राहिल्या असणार.

मी खड्ड्यातून वर आले आणि उंबऱ्याच्या अलीकडे, त्यांच्यासमोर बसले.

“खाला,” मी म्हणाले, “कोनाडा मी बुजवला होता. बाबा नगरला गेले होते. त्यांनी नव्हता बुजवला.”