यादीतलं नाव

जयकुमार शेट्ये विद्यापीठाच्या ग्रंथालयात देवघेवीच्या काउंटरवर बावीस वर्षं बसत होते. नियम त्यांना तोंडपाठ होते, कारण काउंटरमागे लावलेला नियमांचा तक्ता त्यांच्याच वळणदार अक्षरात होता. एम. ए.च्या विद्यार्थ्याला तीन तिकिटं. एका तिकिटावर एक पुस्तक, पंधरा दिवसांसाठी. पुस्तक नेलं की तिकीट काउंटरवरच्या ट्रेमध्ये राहायचं, परत आणलं की विद्यार्थ्याच्या हातात यायचं. तक्त्यातला सहावा नियम त्यांनी लाल शाईने लिहिला होता: पुस्तक परत केल्यावर तिकीट ताबडतोब मागून घ्यावे, नंतर तक्रार ऐकली जाणार नाही.

हा नियम त्यांनी स्वतः मोडला तो २००३च्या मार्चमध्ये. सहा वाजून गेले होते, ट्रे कपाटात ठेवून त्यांनी कुलूप लावलं होतं. तेवढ्यात एक मुलगी धापा टाकत आली. इतिहासाच्या एम. ए.ची, हेमाली तांडेल. भाईंदरच्या मोरव्याची आहे हे त्यांना माहीत होतं, कारण ते स्वतः मीरा रोडला पेणकरपाड्यात राहत आणि तिच्या अर्जावरचा पत्ता पाहून एकदा तसं बोलणंही झालं होतं.

"सर, आज शेवटची तारीख आहे. घ्या ना, प्लीज. उद्यापासून माझी परीक्षा आहे."

"ट्रे बंद झाला गं."

"मग उद्या परत एवढ्या लांब येऊ?"

तिचा चेहरा पाहून त्यांना वाटलं, जाऊ दे. "ठेव इथे. तिकीट परीक्षा झाली की घेऊन जा."

ती "थँक्यू सर" म्हणत पळाली. त्यांनी पुस्तक हातात घेतलं. ठाणे जिल्ह्यातल्या मिठागरांची जुनी पाहणी होती ती, नकाशे आणि फोटो असलेली. ग्रंथालयात एकच प्रत, बाजारात मिळत नव्हती. आणि त्यांच्या इशिताला, आठवीतल्या मुलीला, शाळेत 'आपला परिसर' असा प्रकल्प होता. भाईंदरच्या मिठागरांवरच करणार होती ती. चार दिवस ती बाबांच्या मागे लागली होती.

कर्मचाऱ्यांनाही पुस्तक नेता यायचं, फक्त नोंद करावी लागायची. पण पुन्हा कुलूप कोण उघडणार? उद्या सकाळी काउंटर उघडायच्या आत आणून ठेवू, असं म्हणून त्यांनी ते पिशवीत टाकलं.

इशिताचा प्रकल्प एका रात्रीत थोडाच होणार होता! थर्माकोल आणलं, नकाशा छापून काढला, फोटो पाहून मिठाचे ढीग केले. आठवडा गेला. मग परीक्षांची गर्दी सुरू झाली आणि शेट्ये पुस्तक विसरून गेले. प्रकल्पाला पहिलं बक्षीस मिळालं. घरी आलेल्या प्रत्येकाला त्यांनी ते प्रमाणपत्र दाखवलं.

हेमाली जुलैमध्ये आली. निकाल लागला होता, बी. एड.ला नंबर लागला होता, पण ग्रंथालयाचा 'नो ड्यूज' शिक्का असल्याशिवाय मूळ गुणपत्रिका हातात मिळत नव्हती. शेट्यांनी ट्रे चाळला. तिचं तिकीट मार्चच्या कप्प्यात, पुस्तकाच्या कार्डासकट.

"तुझ्याकडे एक पुस्तक आहे."

"नाही सर. मी तुम्हालाच दिलं होतं. ट्रेला कुलूप लावलं होतं तुम्ही. तिकीट नंतर ने म्हणालात."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मागे सात-आठ जण उभे होते. तिच्या बोलण्याने कुठेतरी काहीतरी हललं होतं, एवढं त्यांना पुढे कायम आठवत राहिलं. पण त्या क्षणी ते आठवायच्या वाटेला गेलेच नाहीत.

"सगळे असंच म्हणतात," ते म्हणाले. "तो सहावा नियम वाच. हे बघ, पुस्तक हरवलं असं लिहून दे, दंड भर, उद्या शिक्का मिळेल."

"हरवलं असं कसं लिहू? मी हरवलंच नाही."

"मग शोध घरी."

"घरी नाहीच आहे तर काय शोधू सर? दंडाचं नाही. मी भरेन पण. पण हरवलं असं नाही लिहिणार. मग मी खोटी ठरते."

"मग राहू दे," शेट्ये म्हणाले आणि त्यांनी पुढच्या मुलाचं पुस्तक घेतलं.

ऑगस्टमध्ये पुस्तकं परत न करणाऱ्यांची यादी फलकावर लागली. यादी शेट्यांनीच केली. सतराव्या क्रमांकावर 'तांडेल हेमाली, इतिहास विभाग' असं त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं गेलं आणि ते तिथेच राहिलं.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबरमध्ये, सोसायटीतल्या सगळ्या घरांमध्ये पेस्ट कंट्रोल करायचं ठरलं. माळा रिकामा करायचा होता. सुलू, त्यांची बायको, स्टुलावर उभी राहून सामान खाली देत होती आणि इशिता ते हॉलमध्ये लावत होती. थर्माकोलची मिठागरं खाली आली, त्यांच्याखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

"बाबा, हे तुमच्या लायब्ररीचं ना? द्यायचं राहूनच गेलं आपलं," इशिता सहज म्हणाली.

शेट्यांनी कागद सोडला. कुलूप, पिशवी, धापा टाकणारी मुलगी, सगळं एकदमच आठवलं. ते तिथेच खुर्चीवर बसले. सुलूने वरून विचारलं, "काय झालं हो?" तर म्हणाले, "काही नाही. धूळ गेली नाकात."

तीन दिवस पुस्तक त्यांच्या पिशवीत नुसतं ये-जा करत राहिलं. चौथ्या दिवशी त्यांनी ते भूगोलाच्या रॅकमध्ये सर्वांत खाली, मागच्या बाजूला सरकवलं. तासाभराने तिथे गेले, काढलं आणि ग्रंथपाल सुचेता मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

"मॅडम, हे भूगोलात मागे पडलं होतं. त्या तांडेलच्या नावावरचं."

"म्हणजे तिने परत केलं होतं तर! बिचारी." मॅडमनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. "पण शेट्ये, कमाल आहे तुमची. दुसऱ्या कुणी लक्षातही ठेवलं नसतं."

मीटिंगमध्येही मॅडमनी हे सांगितलं. लोकांनी शेट्यांकडे कौतुकाने पाहिलं. त्यांनी मान खाली घातली, आणि ती त्यांची नम्रता समजली गेली.

त्यांनी यादीतलं नाव खोडलं, 'नो ड्यूज'चा दाखला तयार केला आणि पत्र पोस्टात टाकलं: आपल्या नावावरील पुस्तक सापडले आहे, कृपया दाखला घेऊन जावा. आता ती येईल, दाखला नेईल आणि संपेल, असं ते स्वतःला सांगत राहिले. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. ती आली नाही. दाखला काउंटरच्या खणात पडून होता. खण उघडला की आधी तोच दिसायचा.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्यांनी दाखला खिशात घातला आणि ते मोरव्याला गेले. तांडेलांचं घर कुणीही दाखवलं असतं. ओट्यावर हेमालीची आई, हौसाबाई, सुकट निवडत बसली होती.

"कोन पायजे?"

"हेमाली आहे का? मी लायब्ररीतून आलोय."

बाईचा हात थांबला. "लायब्रीतनं? कागद आयलेला तुमचा. तिनं वाचला न् फाडून टाकला. आता काय ऱ्हायलं हाय?"

"दाखला द्यायचा होता."

"दीड वरीस झाला. तवा दिला न्हाय." ती पुन्हा सुकट निवडू लागली, पण बसा म्हणाली. "येल ती. नया नगरला कामाला हाय, डोल्यांच्या दवाखान्यात. पावत्या फाडते. यम्मे झालेली पोर."

पाणी तिने दिलं. पेला त्यांनी न पिताच बाजूला ठेवला.

हेमाली दुपारी आली. चपला काढता काढता तिने त्यांना पाहिलं आणि ओळखलं. "नमस्कार सर," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. शेट्यांनी दाखला पुढे केला. तिने घेतला नाही.

"कुठे सापडलं पुस्तक?"

"रॅकवर. चुकून दुसरीकडे गेलं होतं."

"कुठल्या रॅकवर?"

"भूगोलाच्या. खालच्या बाजूला, मागे."

हेमालीने मान हलवली. "नव्हतं सर. तुम्ही शिक्का दिला नाहीत ना, त्यानंतर मी रोज येत होते. अख्खा जुलै. काउंटरवर नाही आले, सरळ आत जायचे. इतिहास बघितला, अर्थशास्त्र, भूगोल, सगळे रॅक एकेक पुस्तक काढून बघितले. मागे हात घालून बघितलं. बी. एड.ची लास्ट डेट गेली त्या दिवशीपण मी तिथेच होते. मला वाटायला लागलं होतं की मीच कुठेतरी विसरले. आईला विचारत होते, मी पुस्तक घरी आणलेलं का."

हौसाबाईची बोटं सुकटीवरच थांबली होती.

शेट्यांना येताना वाटलं होतं की दाखला द्यावा, दोन चांगले शब्द बोलावेत आणि निघावं. आता तोंडातून दुसरंच बाहेर पडलं. "माझ्या घरी होतं. त्या संध्याकाळी मी पिशवीतून नेलं. मुलीच्या शाळेच्या कामासाठी. नोंद केली नाही. मग विसरलो. आणि सापडल्यावर मीच रॅकमध्ये ठेवलं, आणि मीच काढलं."

बाहेर कुणीतरी बोटीच्या इंजिनाला शिव्या घालत होतं.

"आगो बाय," हौसाबाई हळूच म्हणाली. "आन मी हिलाच बोल्लू. पुस्तकं सांबालता येत न्हाय, कशाला शिकली म्हनून."

हेमाली भिंतीला टेकून उभी राहिली. "मी जुलैत आले तेव्हा तुम्हाला आठवत होतं?"

"नाही." मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. "आठवलं असतं. प्रयत्न केला नाही. मागे रांग होती."

"माफी मागायला आलात?"

"हो."

"ती इथे नका मागू सर. इथे मला कुणी चोर म्हटलं नव्हतं. जिथे नाव लावलं होतं तिथे सांगा." ती दाराजवळून बाजूला झाली. त्यांना जायला वाट व्हावी म्हणून.

सोमवारी त्यांनी दीड पान लिहून सुचेता मॅडमच्या हातात दिलं. मॅडमनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला.

"शेट्ये, हे असं कशाला? आपण लिहू या, कर्मचाऱ्याच्या नजरचुकीमुळे. तिचं काम होईल, तुमचंही निभावेल. रिटायरमेंटला किती, आठ वर्षं ना?"

शेट्ये "बरं" म्हणाले. सुटल्यासारखं वाटलं त्यांना, हेही खरं. नोटीस टाईप झाली. पण फलकाशी उभं राहून त्यांनी ती वाचली तेव्हा 'नजरचूक' या शब्दापाशी त्यांचा हात थांबला. टाचणी हातातच राहिली. ते परत आत गेले.

"मॅडम, नजर चुकली नव्हती. नजरेसमोरूनच नेलं मी. माझं नाव घाला."

मॅडम चिडल्या, म्हणाल्या ग्रंथालयाची शोभा होईल. शेवटी त्यांनी घातलं. नोटीस महिनाभर लागली होती: कु. हेमाली तांडेल यांनी पुस्तक मुदतीत परत केले होते. ते श्री. जयकुमार शेट्ये यांनी विनानोंद घरी नेले. यादीत कु. तांडेल यांचे नाव चुकीने लावल्याबद्दल ग्रंथालय दिलगीर आहे. शेट्यांना मेमो मिळाला, काउंटर गेला, काउंटरच्या मागच्या बाइंडिंग विभागात बदली झाली. चहाला बोलावणारे दोघं-तिघं बोलवेनासे झाले. त्यातल्या एकाने तोंडावर विचारलं, "आमच्या पोरांनापण प्रोजेक्ट असतात, आम्हीपण नेतो. तुम्ही एकटेच हरिश्चंद्र का?"

सर्वांत जड गेलं ते इशिताला सांगणं. ती ऐकून घेत होती. मग तिने विचारलं, "त्या ताईचं वर्ष माझ्यामुळे गेलं?"

"तुझ्यामुळे नाही. माझ्यामुळे."

"पण पुस्तक तर माझ्यासाठीच आणलंत ना?" ती आत निघून गेली. भिंतीवरचं प्रमाणपत्र तिने काढलं. कुठे ठेवलं ते त्यांनी विचारलं नाही.

जूनमध्ये हेमाली ग्रंथालयात आली. बाइंडिंगच्या खोलीचं दार उघडं होतं, शेट्ये फाटक्या पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होते आणि त्यांना काउंटरवरचा तिचा आवाज ऐकू आला. दाखला घ्यायला आली होती. बी. एड.चा फॉर्म पुन्हा भरणार होती. वयाची अडचण नव्हती, पण दोन वर्षं गेलीच होती. काउंटरवरच्या नव्या मुलाला ती माजी विद्यार्थ्यांच्या सभासदत्वाचे नियम विचारत होती: पुस्तकं किती मिळतात, मुदत वाढवून मिळते का. तो अडखळत होता. वाढीव मुदतीचं उत्तर त्याला येत नव्हतं.

शेट्यांना येत होतं. ते अर्धवट उठलेही. मग वाटलं, समोर गेलो तर तिला काहीतरी बोलावं लागेल, निदान बरं आहे म्हणावं लागेल, आणि तेवढंही तिच्याकडून घ्यायचा आपल्याला काय हक्क? ते खाली बसले. बाहेर त्या मुलाने नियमावली शोधून काढली, एकेक कलम वाचून दाखवलं. हेमालीने अर्ज भरला, सही केली, आणि तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली उतरत गेला.

खळ बोटांवर वाळून गेली होती. त्यांनी ती खरवडून काढली आणि दुसरं पुस्तक घेतलं.