चाकामागची वीट

गाडी उतारावर उभी करायची तर मागच्या चाकाशी वीट ठेवायची, हा त्या घराचा वर्षभराचा रिवाज होता. हँडब्रेक ओढला की गाडी क्षणभर विचार करी आणि मग, मैफलीतून कुणाला न दुखावता उठावे तशी, हळूच मागे सरके. म्हणून डिकीत कायम एक वीट असे. गेल्या आठवड्यात वडील ती वीट ठेवायला खाली उतरले आणि तेवढ्यात गाडी घसरली. ते पुन्हा आत चढून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत ती शेजाऱ्यांच्या फाटकाला जाऊन टेकली. फाटक थोडे वाकले, गाडीला पोचा आला. खरी मोडतोड मात्र वडिलांच्या आत झाली. उभा जन्म बस चालवलेला तो माणूस त्या संध्याकाळी किल्ली खुंटीला अडकवत म्हणाला, "विकून टाकू. हिचा भरवसा राहिला नाही, आणि माझ्या पायाचाही."

त्यांची मुलगी शिवणकाम करी. उताराच्या पायथ्याशी तिचे छोटे दुकान होते. गाडी गेली असती तर तिने मनाची समजूत घातली असती. पण वाक्याचा उत्तरार्ध तिच्या मनात टाचणीसारखा रुतला. पाय विकायला काढलेला माणूस एकदा खुर्चीत बसला की पुन्हा उठत नाही, हे तिला कळत होते.

"तुमचा पाय ठणठणीत आहे, बाबा," आठवडाभराने ती म्हणाली. "मागचे ब्रेक झिजलेत. मी बदलते."

"मास्तर," वडील तिला लाडाने आणि टोमण्यानेही याच नावाने हाक मारत, "हे सदऱ्याला बटण लावणं नव्हे."

"बटण तुटलं की माणूस चारचौघांत उघडा पडतो. तीही जोखीमच आहे."

"उद्या संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय गाडी बघायला."

"येऊ दे की. विटेशिवाय गाडी उतारावर उभी राहिली, तर त्याला चहा पाजून परत पाठवायचं. नाही राहिली, तर किल्ली मी स्वतः त्याच्या हातात देईन."

वडिलांनी होकार की नकार ते कळू नये अशी मान हलवली. "एका वेळी एकच बाजू उघड. डेपोतले मिस्त्री हेच सांगायचे. दुसरी बाजू शाबूत असली की तीच नकाशा."

तिने ऐकले, पण हातांना त्यांची स्वतःची शिस्त असते. दोन्ही बाह्या एकाच कात्रीखाली, एकाच वेळी कापायच्या, नाहीतर एक लांब नि एक आखूड होते, असे तिचे हात वर्षानुवर्षे मानत आले होते. सकाळी तिने पुढच्या चाकांना लाकडी ओंडके लावले, मागची बाजू जॅकने उचलून भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवली, मागची चाके काढली, हँडब्रेक सैल सोडला, नाकातोंडाला फडके बांधले. एका बाजूच्या, गंजून धरलेल्या ब्रेकच्या ड्रमवर ती लाकडी हातोडीने बेताने ठोकत राहिली. अखेर ड्रम निघाला आणि आतल्या दोन चंद्रकोरी, म्हणजे ब्रेकचे लायनर, उघड्या पडल्या. त्यांच्यावरचा घासणारा थर कागदाइतका उरला होता. फवारा मारून तिने काळी धूळ खाली बसवली, स्प्रिंगा उतरवल्या, हँडब्रेकची तरफ तारेलाच लोंबत ठेवली आणि सरळ दुसऱ्या बाजूला वळली. डाव्या बाजूचा ऐवज डाव्या परातीत, उजव्याचा उजव्या. इतके नीटनेटके काम! तेवढ्यात दुकानातून हाक आली; कोटाचे माप घ्यायचे होते.

परत आली तेव्हा अंगणात आत्या उभी होती, बाह्या वर सारून, चेहऱ्यावर कृतार्थता. आत्याला मळाचे वावडे. हात पोचता तर तिने चंद्रावरचा डागही घासून काढला असता.

"बघ कसं लखलखतंय! काळंबेरं घेऊन बसली होतीस."

टॉवेलवर दोन्ही परातींतल्या स्प्रिंगा, पिना, दांड्या उंचीनुसार रांगेत मांडल्या होत्या. शाळेतली मुलेच जणू कवायतीला उभी.

"आत्या... यातलं डावं कुठलं नि उजवं कुठलं?"

"स्प्रिंगेला कसलं आलंय डावं-उजवं? मोजे आहेत का ते?"

आवाज ऐकून वडील बाहेर आले. दोन्ही चाकांच्या जागी दोन रिकाम्या ताटल्या त्यांच्याकडे टक लावून पाहत होत्या.

"कापल्यास ना दोन्ही बाह्या एकदम?" ते रागावले नाहीत, तेच अधिक वाईट होते. पायरीवर बसत, गुडघा चोळत ते म्हणाले, "राहू दे. गिऱ्हाइकाला सांगतो, ओढून न्यायची तयारी करून ये म्हणून."

चूक तिची होती, आणि ती मान्य करायला तिला कोणाची गरज नव्हती. पण जुना कोट उसवून त्यावरून नवा बेतायचा, हे तर तिचे रोजचे काम. उसवलेल्या कापडावर टाक्यांची भोके राहतात. शिवणीखालचा रंग उडत नाही. वस्तू कशी जोडली होती, हे वस्तू विसरत नाही.

"फोन नका करू. आत्या, जुने लायनर कुठेत?"

"ती घाण? पोत्यात टाकली. धुवायच्या लायकीची नव्हती मेली."

"देव पावला! ते तरी धुतले नाहीस."

तिने ते अर्धचंद्र उन्हात मांडले. स्प्रिंगेचा आकडा जिथे अडकत असे, तिथे चकचकीत ओरखडा होता. जिथे स्प्रिंग टेकत असे, तिथला गंज पुसला गेला होता. तरफेचे भोक असलेला तो मागचा, नसलेला तो पुढचा. तिने कपड्याच्या खडूने त्या खुणा सकाळीच बाजारातून आणून ठेवलेल्या नव्या लायनरवर उतरवल्या. आधी डावी बाजू. ती जुळली तसे तिने उजवीला बाहीसारखे पालथे घातले: तेच सारे, पण उलट. राहिल्या दोन आट्याच्या दांड्या. लायनर झिजत जाईल तसे त्याला बाहेर सारणे हे त्यांचे काम. एकीचा आटा सुलटा, दुसरीचा उलटा. अदलाबदल झाली तर ब्रेक दर दाबागणिक सैल होत जाणार. प्रत्येक दांडी तिने जागेवर धरून फिरवून पाहिली आणि जी ज्या बाजूला लांब झाली, ती त्या बाजूला बसवली.

स्प्रिंग मात्र हट्टाला पेटली. पक्कड निसटू लागली. तेव्हा तिने कोटाची बटणे शिवायचा मेणदोरा पदरावर पदर घेऊन फासासारखा केला, स्प्रिंगेच्या आकड्यात घातला आणि ओढला. दुसरीकडून एक रुंद, जुना तळवा येऊन लायनर घट्ट धरून बसला. वडील केव्हा खाली बसले, ते तिला कळलेच नाही.

"हळू," ते म्हणाले. "डोळा सांभाळ."

ड्रम चढले, चाके चढली, नट आवळले गेले.

"बाबा, आत बसून ब्रेक दाबा. पुन्हापुन्हा."

"कुठल्या पायानं?"

"ज्याचा भरवसा नाही, त्याच."

आतून पेडलचा आवाज येत राहिला. आधी पोकळ, मग भरीव. शेवटी वडिलांचा आवाज आला, "मास्तर, पाय वरच थांबतोय गं! पेडल तळाला जात नाही!" त्या आवाजात एक जुना बसचालक दरवाजा उघडून बाहेर डोकावला.

आधी सपाट रस्त्यावर ते सावकाश फिरले, थांबले, फिरले. मग गाडी उताराच्या मध्यावर नेली. वडिलांनी हँडब्रेक ओढला, गिअर मोकळा केला आणि पेडलवरून पाय उचलला. गाडीने या वेळी विचारही केला नाही. जागच्या जागी उभी राहिली. वडील खाली उतरले. गाडीच्या मागे नव्हे, शेजारी, हात पाठीशी बांधून उभे राहिले. सावली लांबत गेली. गाडी हलली नाही.

खालून गिऱ्हाईक धापा टाकत येत होते. विटेची कीर्ती त्याच्याही कानावर होती; त्याची नजर प्रथम चाकाशी गेली.

"आज वीट नाही लावली?"

"विकायची आहे," वडील गंभीरपणे म्हणाले. "फक्त वीट. गाडी घरातच राहतेय."

गिऱ्हाईक हसावे की रागवावे या विचारात उभे राहिले. मुलीने त्याला चहाचे विचारले. वडील तोवर पुन्हा गाडीत बसले होते. दुखऱ्या गुडघ्याला हाताने आत घेत त्यांनी दार ओढले आणि काच खाली केली.

"तुम्ही व्हा पुढे. मी एक फेरी मारून येतो."