कचऱ्याच्या टोपलीला घाबरलेलं भूत

पिशव्यांच्या कारखान्यात यंत्रं सगळी चालू होती, पण हात कुणाचाच चालत नव्हता. सगळे बुवाच्या बाटलीकडे डोळे फाडून बघत होते! काचेची बाटली, बुचातून आत गेलेली तार, तारेच्या टोकाला चंदेरी कागदाची दोन पानं.

"भूत जवळ आलं की पानं फाकतात," बुवा म्हणाला. "बाटली खोटं बोलत नाही. बाटलीला तोंड आहे, जीभ नाही!"

झालं होतं काय, की प्लास्टिकचा रोल सोडणारं यंत्र महिनाभर सगळ्यांना चटके देत होतं. ठिणग्या उडायच्या, अंगावरचे केस उभे राहायचे. परवा तर शाईच्या डब्यानं पेट घेतला आणि छपाईवाल्याच्या भुवयाच गेल्या. मग भूत कुणाच्या अंगात आहे ते शोधायला मालकानं बुवाला आणलं.

बुवानं बायकांना दारापाशी, उघड्या फरशीवर उभं केलं. पानं हलली नाहीत. रोलवर काम करणारीला मात्र म्हणाला, "तुझी परीक्षा तुझ्याच जागेवर." ती फिरत्या रोलशेजारी, रबरी चटईवर उभी राहिली. बाटली पुढे आली आणि पानं फटकन फाकली.

"हीच ती!"

तिला आधी हसूच आलं. मग दिसलं, दुसरं कुणीच हसत नाहीये. कालपर्यंत तिच्या डब्यात हात घालणाऱ्या मैत्रिणी भिंतीला चिकटल्या होत्या.

"पिशव्या चिकटवायच्या तापल्या पट्टीवर हिचे तळवे टेकवा," बुवा म्हणाला. "शुद्ध असेल तर भाजणार नाही. भाजलीच, तर समजा शुद्ध नव्हती!"

आणि मनगट कुणी धरावं? तिच्या नवऱ्यानं. तोही तिथलाच, गठ्ठे बांधणारा. "पटकन होईल गं," तो कुजबुजला, "सगळे बघतायत."

डावा तळवा टेकला. ती किंचाळली. वास सुटला.

"ऐकलंत? भूत ओरडलं!" बुवा खूश. "आता उजवा."

उजवा गेला म्हणजे काम गेलं, पोरीची वेणी घालणं गेलं, सगळंच गेलं.

तेवढ्यात तिची नणंद धावत आली. समोरच्या शाळेत विज्ञान शिकवते. बातमी कळताच वर्ग सोडून निघालेली, बोटांना अजून खडू. वहिनीचा हात बघितला आणि तिनं आधी भावाच्या कानाखाली वाजवली.

"सोड तिला, दादा! वहिनी, तू दाराशी जा."

मग बुवाच्या हातातली बाटली हिसकावून तिनं रोलजवळ धरली. चटई रिकामी. पानं फाकली!

"बाई तिकडे आणि भूत इकडे? विसरलं वाटतं जायला!"

"सावली मागे राहते," बुवा चाचरला.

"असं का?" तिनं बाटली शेजारच्या लोखंडी टेबलावर ठेवली, कोपऱ्यातली लोखंडी जाळीची कचऱ्याची टोपली रिकामी केली आणि बाटलीवर उपडी घातली. पानं मिटली. टोपली काढली, फाकली. घातली, मिटली.

"एवढी भोकं आहेत, भुताला एकही सापडेना? अहो, प्लास्टिक घासत सुटतं, त्यावर वीजभार साठतो. त्याच्या विद्युत क्षेत्रामुळे दोन्ही पानांवर सारखाच भार येतो आणि सारखे भार एकमेकांना ढकलतात. मध्ये धातूची जाळी आली की भार तिच्या बाहेरच्या अंगावर थांबतो, आत क्षेत्रच उरत नाही. संपलं भूत!"

ती वाकली. यंत्राच्या पायाशी हिरव्या तारेचं तुटकं टोक लोंबत होतं. "ही अर्थिंगची तार. हिच्यातून भार जमिनीत जायला हवा. कुणी कापली?"

सगळ्यांनी मालकाकडे बघितलं. मालकानं छताकडे.

"पाय अडकायचे लोकांचे... वायरमन म्हणाला होता, नवी टाका. पण यंत्र दिवसभर बंद ठेवावं लागलं असतं."

झालं! गर्दीनं बुवालाच उचललं. "याचा हात टेकवा!" तीच माणसं, तोच उत्साह. कुणीतरी भाजल्याशिवाय त्यांचं पोट भरणार नव्हतं. नणंदेनं पट्टीचं बटण बंद केलं. "पोलिसांत द्या त्याला. आत्ता काय शिकलात तुम्ही?"

खरं सांगायचं तर, बटण बंद झाल्याचं रोलवालीला वाईट वाटलं.

नवरा पाण्याची बादली घेऊन आला. तिचा हात पाण्यात, त्याची नजर खाली.

"मला काय माहीत गं, भार-बीर?"

"मला तरी कुठे माहीत होतं?" ती म्हणाली. "पण मला जरा बाजूला उभं करून ती बाटली परत बघायची. एवढंच करायचं होतंस. त्याला शाळा लागत नाही."