मुंजाबा महाराजांचा ओला भंडारा

रविवारी मुंजाबा महाराजांच्या पत्र्याच्या शेडपुढं एवढी गर्दी जमे, की पिशोरचा बाजार ओस पडतो की काय असं वाटावं. कुणी इसब घेऊन येई, कुणी गजकर्ण, कुणी नुसतंच बघायला. महाराज कडुनिंबाच्या काडीनं अंगावर पिवळाधमक ओला भंडारा लावत आणि घरी लावायला डबी देत. गजकर्ण उलट पसरलं, तर जुनी पापं बाहेर पडतायत म्हणत. बोट मात्र कधी लावत नसत. "माणसाच्या बोटाचा इटाळ देवाला चालत नाय," असं सांगत, आणि लोकांना ते पटे. त्या शेडमध्ये लोकांना काहीही पटे.

म्हाळसाबाईनं तर गुण डोळ्यांनी पाहिला होता. तिच्या लेकीची, अंबिकेची, कोपरं इसबानं सोलवटली होती. पोर झोपेतही खाजवायची. भंडारा लावला आणि आठवड्याच्या आत कातडी साफ. मेंढरं राखणाऱ्या घरात भंडारा खंडोबाचा. तो कपाळी, गाली लावायचा आणि पुसायचा नाही. म्हणून म्हाळसाबाई रोज सकाळी लेकीचं सगळं तोंड माखू लागली. दिला होता कोपरासाठी, पण देवाला कोपरापुरतं कोण ठेवतं?

दिवाळीपर्यंत अंबिकेचं तोंड लालबुंद झालं. गालांवर बारीक शिरा उमटल्या, उन्हात गेली की आग व्हायची. भंडारा दोन दिवस चुकला, तर चेहरा पुरळानं फुलून आला.

"तू खंड पाडलास," महाराज म्हणाले. "देव रुसला. आता पापण्यांवर बी लाव."

"डोळ्यात गेला तर?"

"नजर वाढंल. माझ्या भंडाऱ्यानं म्हाताऱ्यांनी चष्मे फेकलेत." हे सांगताना महाराजांच्या नाकावर चष्मा होता.

घरी नवरा रामहरीही म्हणाला, "लाव की." म्हाळसाबाईनं डबी उघडली. पोरीनं डोळे घट्ट मिटले आणि आईचा हात काही पुढं होईना.

दुसऱ्या दिवशी तिच्या शेळ्या महाराजांच्या उकिरड्यात शिरल्या. हाकलायला गेलेल्या म्हाळसाबाईला एकीच्या तोंडात चेपलेली ट्यूब दिसली. काठीनं उकरलं, तर तसल्याच ढीगभर ट्यूबा आणि हळदीच्या रिकाम्या पिशव्या. तिला वाचता येत नव्हतं. पण खंडोबा औषधाच्या दुकानातून येत नाही, एवढं तिला कळत होतं.

ट्यूब, डबी आणि लेक घेऊन तिनं शहरातल्या कातडीच्या डॉक्टर अमिना यांना गाठलं आणि काडीपासून पापण्यांपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी ट्यूबवरचं नाव वाचलं.

"ताई, हे जोरदार स्टिरॉइडचं मलम आहे. यात हळद कालवली की झाला भंडारा. सूज, खाज झटक्यात उतरते, तोच चमत्कार. गजकर्ण मात्र यानं उलट पसरतं. काडी कशाला? स्वतःच्या बोटांची कातडी पातळ होऊ नये म्हणून."

"म्हंजी इख दिलं त्यानं."

"विष नाही, चांगलं औषध आहे. कोपरासाठी मीही हेच देणार."

म्हाळसाबाई मनातून घाबरली. "मग तुमच्यात अन् त्याच्यात फरक काय, म्याडम?"

"मी नाव सांगून देते आणि थांबायचं कधी तेही सांगते. तुमच्या बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढं मलम बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. दिवसातून एकदा, पातळ, फक्त इसबावर. खरखर गेली की कमी करत बंद. दोन आठवड्यांनी मला दाखवा. रोज साधं, कातडी मऊ ठेवणारं मलम चालू ठेवा. तोंडाला मात्र हे नाही, तिथली कातडी नाजूक. त्याला वेगळं औषध देते. पापणीला लावत राहिलात, तर डोळा जाऊ शकतो. आणि खंड पडल्यावर उफाळलं, तो देवाचा राग नव्हता. कातडीला औषधाची सवय लागली होती."

रविवारी म्हाळसाबाई अंबिकेचा हात धरून रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर तिनं ट्यूब पुढं केली.

"महाराज, ह्याचं नाव काय अन् थांबायचं कधी, तेवढं सांगा."

महाराजांनी डोळे मिटले. "देवाला असले सवाल इचारत नसत्यात."

"देवाला नाय, तुमाला इचारलं." मग ती रांगेकडं वळली आणि लेकीचं तोंड वर केलं. "बघा. हे म्या केलंय, रोज सकाळी, माझ्या हातानं. देवाला हात जोडा, त्याला कोण नको म्हनतंय? पर कातडीला काय लावताय त्याचं नाव इचारा. किती लावायचं, किती दिस, ते इचारा. सांगत नसंल, तर घेऊ नगा. घरी डबी असंल, तर ती एकदम सोडू बी नगा. आधी डाक्टरला दाखवा."

तिच्या मागं उभ्या बाईनं कडेवरच्या लेकराची बाही वर सारली, कोपर निरखून पाहिलं आणि ती रांगेतून बाहेर पडली.