कातळबाईचा तिसरा अंक

मी एक चित्रकथा बोलतेय. प्लास्टिकच्या आतून बोलतेय, तेव्हा आवाज दबका वाटला तर तो दोष माझा नाही. ‘कातळबाई’ या मालिकेचा मी तिसरा आणि शेवटचा अंक. कातळबाई कोण, हे तुम्ही विचारणारच. परदेशातले उडणारे पुरुष तुम्हाला तोंडपाठ, आणि रत्नागिरीत एक बाई उडत होती तिची खबर नाही. असू दे. मी सांगते.

माझा जन्म १९९८च्या पावसाळ्यात, हरिहरशेठच्या छापखान्यात झाला. उन्हाळाभर तिथं आंब्याच्या पेट्यांची लेबलं छापायची. पाऊस लागला की मशीन गप्प. शेठला गप्प मशीन बघवत नसे, त्यात चित्रकथांचं वेड लहानपणापासूनचं. त्यानं प्रज्ञेशला धरून आणलं. हा बंदरात होड्यांवर नावं रंगवायचा.

“एक हिरो काढ,” शेठ म्हणाला.

“हिरोचे दंड मला जमत नाहीत शेठ. बाई काढतो.”

अशी कातळबाई आली. काष्टा घातलेली, जांभ्या दगडात शिरून दुसऱ्या गावात निघणारी, चिडली की समुद्रावरून उडणारी. तिचे हात सुपाएवढे, कारण होडीवरचं काम लांबून दिसायला लागतं आणि प्रज्ञेशचा हात त्याच मापात बसलेला. लुगडं पिवळं, काठ हिरवे, कारण लेबलांची तेवढीच शाई उरली होती. इतिहास म्हणाल तर हा एवढा. पण खरा आहे.

आम्ही खपलो नाही. घराघरात केबल आली होती. पुढच्या मोसमात शेठनं आमचे गठ्ठे आंब्याच्या पेट्यांत तळाला घालायला दिले. माझ्या बहिणी हापूसखाली बसून वाशीला गेल्या. तिथून कुठं गेल्या, विचारू नका.

मी वाचले, कारण मी हायवेवर हातखंब्याला गोदाच्या चहाच्या टपरीवर होते. एसटी थांबली तर कोणी घेईल म्हणून शेठनं आम्हा चार-पाच जणींना तिथं दोरीवर चिमट्यानं टांगलं होतं. बाकीच्या गेल्या. मला गोदानं स्वतःसाठी उतरवून घेतलं.

गोदानं शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. ट्रकांच्या पाठीवरची अक्षरं वाचत वाचत ती शिकली. अक्षराखाली बोट धरून ती मला मोठ्यानं वाचायची आणि ड्रायव्हरांना ऐकावं लागायचं.

“हिला ना घोव, ना सासू,” ती म्हणायची. “उडंल नाय तर काय करंल?”

“मावशी, तू पण उड की.”

“मी उडाले तर तुला चाय कोण देईल, मेल्या?”

माझ्या सातव्या पानावर चहाचा डाग आहे. मी तो दागिन्यासारखा मिरवते. शेवटच्या दोन पानांवर आली की गोदा हटकून हसायची, इतकी, की भांड्यातलं दूध उतू जायचं. गोष्ट अशी, की एक खाणवाला कातळबाईला चिरेखाणीत कोंडतो आणि वरून चिरे ढकलतो. तिथून ती सुटते कशी, ते त्या शेवटच्या दोन पानांत.

२००४च्या श्रावणात उन्मेष मास्तर स्कूटर लावून पावसाचा आडोसा घ्यायला टपरीत शिरला. रत्नागिरीत मांडवीला राहणारा, हायस्कुलात शिकवणारा माणूस. माझ्या आधीचे दोन्ही अंक त्यानं कॉलेजात असताना वाचलेले. तिसरा निघाला हेच त्याला ठाऊक नव्हतं. मला पाहिलं आणि त्यानं आधी ओले हात रुमालाला पुसले. सांगते ते खरं सांगते, माझ्याकडं इतक्या मायेनं दुसऱ्या कोणी पाहिलेलं नाही.

“विकायची नाय ती,” गोदा म्हणाली. मग जरा थांबून, “माझ्या डोळ्यांवर सारा येतोय मास्तर. अक्षर लागत नाय आता. ने तू. पण मला वाचून दाखवायला आण. शेवट तरी.”

“आणतो आजी. दिवाळीच्या आत आणतो.”

घरी आल्यावर त्यानं मला पुसलं, पिशवीत घातलं आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर पिशवीचं तोंड चिकटवून टाकलं. भर श्रावणात. बाहेरचा ओलावा आत येऊ नये म्हणून.

त्याची बायको अपूर्वा बघत होती. “अहो, पुस्तक आहे का लोणचं?”

ओलावा बाहेर कुठं होता? तो माझ्या अंगात होता, माझ्याबरोबर आत आला, आणि आता त्यालाही जायला वाट नव्हती. आम्ही दोघं कोंडलो गेलो.

उन्मेषनं मला कपाटात ठेवलं. पाहुणे आले की बाहेर काढायचं, दुरून दाखवायचं, पुन्हा आत. इंटरनेटवर माझ्याविषयी लांबलचक लिहायचं. पिवळं लुगडं म्हणजे देवीच्या हळदीचं प्रतीक, असं त्यानं लिहिलं. मोठे हात म्हणजे कष्टकरी स्त्रीची ताकद. मी आतून म्हणतेय, अरे बाबा, डब्यात तेवढीच शाई होती. पण प्लास्टिकमधून ऐकू कसं जाणार?

आणि शेवट त्यानं वाचलाच नव्हता.

“मुद्दाम ठेवलाय,” तो अपूर्वाला म्हणाला. “तो वाचला की कातळबाई संपली.”

“आणि त्या हातखंब्याच्या आजींचं काय?”

“जाऊ एकदा. पाऊस जाऊ दे.”

पाऊस दर वर्षी जात होता. माझ्या अंगावर काळे ठिपके उठत होते.

शेवटी गोदाच आली. काठी टेकत, रस्त्याला विचारत विचारत मांडवीत पोचली. एका डोळ्यानं पुरती गेलेली, दुसऱ्यानं नुसता उजेड दिसायचा.

दारातूनच म्हणाली, “मास्तर, ही कितवी दिवाळी?”

उन्मेषची मान खाली गेली. त्यानं कात्री आणली आणि पिशवी कापली. कुबट वास सुटला. अपूर्वानं खिडकी उघडली. किती काळानं मला वारा लागला.

तो वाचायला लागला. चांगलं वाचतो. गोदा मान हलवत होती, पुढचं वाक्य त्याच्याआधी म्हणत होती. खाण आली, चिरे पडले, आणि त्याचं बोट थांबलं. शेवटची दोन पानं बुरशीनं एकमेकांना घट्ट चिकटली होती.

“पुढं?” गोदा म्हणाली.

“आजी, तुम्हाला आठवत असेल ना, काय होतं ते?”

“हसायचे येवढं ध्यानात हाय. कशाला हसायचे ते गेलं. म्हणून तर आले.” तिनं हात पुढं केला. “ओढ.”

“फाटेल आजी. जगात ही एकच प्रत राहिली आहे.”

“जगात मी पण एकच हाय.”

त्यानं मला मिटलं. मग म्हणाला, मुंबईत एकजण जुनी पानं सोडवून देतो, त्याच्याकडं पाठवतो. गोदानं चहा संपवला, “पातळ करतेस गो,” असं अपूर्वाला सांगितलं, आणि एसटी गाठायला निघून गेली.

मुंबईला मी गेले नाही. टपालात हरवेल अशी त्याला भीती वाटते. सध्या मी नव्या, आणखी जाड पिशवीत आहे. सोबतीला बुटांच्या खोक्यात येतात त्या, ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या.

तुम्ही म्हणाल, शेवट तूच सांगून टाक की. नाही सांगणार. मी चित्रकथा आहे. मला उघडावं लागतं.

उन्मेष, तू माणूस वाईट नाहीस. पण तुझ्या या जपण्यानं मी मरतेय. चिकटलेली पानं ओढलीस तर एक फाटेल. दुसरं वाचता येईल. कुठलं फाटायचं याची मला पर्वा नाही. शाई माझी आहे, दुखेल ते मला दुखेल. ती म्हातारी अजून टपरीवर बसते, नातसून चहा करते आणि ही नुसती रस्त्याकडं तोंड करून असते. स्कूटरवर तिथवर असं किती लांब आहे रे? मला पिशवीतून काढ, पोटाशी धर आणि नीघ. तिच्यासमोर बसून ओढ.