पोचूच्या बकऱ्यांसाठी पिन सत्तावीस

पिन १७ : आत.
हिला सेन्सर जोडला आहे. अंगणात काही हललं की हिला कळतं. काय हललं, ते कळत नाही.

पिन २७ : बाहेर.
हिच्यावर आवाजाचा डबा. पिन चालू असेतोवर डबा बोलत राहतो.

मधे एक चिमुकला कॉम्प्युटर, त्यात पायथन भाषेतल्या प्रोग्रामच्या थोड्या ओळी, लोकेशनं कुरखेड्याच्या बसमध्ये लिहिलेल्या.

आवाज त्याच्या आईचा, सुकरीचा. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली की ती दिवसभर बकऱ्या हाकलते, आणि बकरी हाकलायची ती मालकाच्या नावानं, अशी इथली रीत. डब्यात भरलेलं वाक्य : हात्, पोचूच्या घरच्या भुकेल्या, जन्मात खाल्लं नाई का.

जोवर खरं :
    जर हललं :
        बोल.
    नाहीतर :
        गप्प.

डबा कोंबडीला बोलला. कुत्र्याला बोलला. सुकरीनं बसून चहा प्यायला.

मग खुद्द पोचू आला. राहतो शेजारीच; पण लोकेशला त्याची मुलगी रंजीता हवी होती आणि रंजीतालाही लोकेश, म्हणून तो रीतीप्रमाणे घर पाहायला येणार होता. दुपारी. आला सकाळीच, इस्त्रीच्या शर्टात.

हललं.

लोकेशनं लॅपटॉपवर प्रोग्राम थांबवला. प्रोग्राम थांबला, डबा नाही. पायथनच्या लायब्ररीत एक तयार ओळ असते, निघताना सगळ्या पिना बंद करणारी. ती त्यानं लिहिलीच नव्हती. पिन २७ चालू ती चालूच. डबा उंच, छपराच्या कवेलूंखाली. शिडी पोचूच्या घरी.

सुकरीनं खाट टाकली. (पोचूच्या घरच्या) पाणी दिलं. (भुकेल्या) पोह्याची बशी पुढे केली. (जन्मात खाल्लं नाई का)

पोचूनं बशीला हात लावला नाही. मोहात तोंड घालून एक बकरी निवांत उभी होती.

"सुकरीबाई, थे बकरी कोणाची?"

सुकरीनं नीट पाहिलं. "आमची."

"मंग नाव माहं काऊन?"

लोकेश म्हणाला, "मामा, त्याले फक्त हललं तेवढंच समजते."

पोचू डब्याकडे पाहत थांबला. डबा नाही.

"पोरगी देतो," शेवटी तो म्हणाला. "पण उद्या थे या आंगनात पाय ठेवन, अन् हा डबा तिलेच म्हणन, पोचूच्या घरची भुकेली. थे जमत नाई."

सुकरीनं कोपऱ्यातला बांबू घेतला आणि डबा दोन कवेलूंसकट खाली पाडला.

"हाकलीन तं मीच हाकलीन," ती म्हणाली. "पाहून."

कवेलू फुटल्याच्या आवाजानं बकरी मात्र पळाली. पोचूच्या अंगणात.